शंका संगणकाच्या : कोपऱ्यातले स्टार्ट बटण कुठे गेले?

विंडोज १०ला मिळणारी मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे जुन्या मांडणीवर सुखाने काम करणाऱ्या अनेकांना इच्छा असो वा नसो, विंडोज ११कडे वळावे लागले. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांचा सूर बदललेला दिसतो. ‘अमुक कसे करायचे’ असे विचारणारे वाचक आता ‘जे मला येत होते ते आता का येत नाही’ असे विचारू लागले आहेत. या खेपेला अशाच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. वीसेक वर्षांपूर्वी एमएस-सीआयटी केली आणि तेव्हापासून पत्रव्यवहार, हिशेब, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे असे सगळे संगणकावरच करतो. मुलाने नवा लॅपटॉप आणून दिला, त्यात स्टार्टचे बटण पडद्याच्या मधोमध आले आहे. एवढेच नव्हे, तर ते एका जागी राहतही नाही. आत्ता पाहिले होते तिथे थोड्या वेळाने सापडत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, सवय करून घ्या.’ हा माझ्या वयाचा दोष समजायचा का? (सातारा)

उत्तर : गुरुजी, दोष वयाचा नाही, आणि बटण जागा बदलते हा तुमचा भासही नाही. नव्या मांडणीत खालच्या पट्टीवरची चिन्हे मध्यबिंदू धरून रांगेत बसवलेली असतात. तुम्ही एखादा नवा प्रोग्रॅम उघडला की रांगेत एक चिन्ह वाढते, रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि तिच्या डाव्या टोकाला असलेले स्टार्टचे बटण आणखी डावीकडे सरकते. चार प्रोग्रॅम बंद केले की ते पुन्हा उजवीकडे येते. त्यामुळे दिवसभरात ते नेमके कुठे असेल हे तुम्ही किती खिडक्या उघडल्या आहेत यावर ठरते, आणि अशा गोष्टीची सवय करून घेणे तरुणालाही जड जाते.

डाव्या कोपऱ्याचे महत्त्व निव्वळ सवयीपुरते नव्हते. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले होते की, एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोहोचायला लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका वेळ अधिक. पडद्याचा कोपरा हा या नियमातला सर्वांत फायद्याचा प्रदेश आहे, कारण माउस कितीही जोरात खाली-डावीकडे ढकलला तरी बाण काठाच्या पलीकडे जाऊ शकत नाही आणि आपोआप कोपऱ्यातच येऊन थांबतो. म्हणून तिथले लहानसे बटणही हाताच्या दृष्टीने फार मोठे असते, आणि ते न बघता दाबता येते. वीस वर्षांत तुमच्या मनगटाच्या जे अंगवळणी पडले होते ते हेच. मधोमध आणलेल्या बटणावर मात्र दर वेळी नजर टाकून नेम धरावा लागतो. दिसायला ही रचना नेटकी आहे हे मान्य करतो. पण नेटकेपणासाठी हाताची सोय खर्ची घालणे मला पटलेले नाही.

उपाय सोपा आहे. खालच्या पट्टीच्या मोकळ्या जागेवर माउसची उजवी कळ दाबा आणि ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा. तिथे अगदी खाली ‘टास्कबार बिहेविअर्स’ हा विभाग आहे, त्यात ‘टास्कबार अलाइनमेंट’समोर ‘सेंटर’ असे लिहिलेले दिसेल. ते बदलून ‘लेफ्ट’ करा. बटण कोपऱ्यात येईल आणि तिथून हलणार नाही. त्याच पानावर ‘विजेट्स’ नावाचा खटका आहे, तोही बंद करून टाका, म्हणजे बाण चुकून तिकडे गेला की बातम्यांची आणि हवामानाची फळी अंगावर येणार नाही.

आता थोडे विषयाला धरूनच मागचे सांगतो, कारण ‘सवय करून घ्या’ हा सल्ला ग्राहकांनी पूर्वी एकदा साफ नाकारला होता. स्टार्टचे बटण २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५सोबत जन्माला आले. पुढे २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आले, तेव्हा मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते बटणच काढून टाकले आणि त्याच्या जागी रंगीत चौकटींनी भरलेला एक अख्खा पडदा दिला. तोवर आयपॅड येऊन अडीच वर्षे झाली होती आणि बोटाने चालवायची पाटी हेच संगणकाचे भविष्य आहे असे कंपनीने मनावर घेतले होते. ते भविष्य टेबलावर माउस घेऊन बसलेल्या माणसावरही लादले गेले. नवख्या माणसाला संगणक बंद करायचा तर बाण उजव्या कोपऱ्यात नेऊन एक लपलेली पट्टी बाहेर काढायची, तिच्यात सेटिंग्ज, सेटिंग्जमध्ये पॉवर आणि पॉवरमध्ये ‘शट डाऊन’, असा प्रवास करावा लागे. बंद करण्याची कळच सापडत नाही म्हणून लोकांनी बाहेरचे बटण दाबून धरल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एवढी ओरड झाली की, जवळपास एका वर्षाने, १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या ८.१मध्ये बटण परत आले. मात्र ते दाबल्यावर पुन्हा तोच चौकटींचा पडदा उघडत असे. खरा मेनू परतला तो २९ जुलै २०१५ला, विंडोज १०सोबत. मधला नववा क्रमांक कंपनीने गाळलाच.

एक युक्ती आणखी. मेनूत शोधत बसण्यापेक्षा कळफलकावरची विंडोजची कळ दाबा आणि हव्या त्या प्रोग्रॅमचे नाव टंकायला लागा. दोन-तीन अक्षरांत तो समोर येतो. फक्त त्या वेळी कळफलक मराठीवर नाही ना, एवढे पाहा. मराठीवर असेल तर तुम्ही टंकलेली अक्षरे देवनागरीत उमटतात, प्रोग्रॅमचे नाव इंग्रजीत असते, आणि संगणक ‘काही सापडले नाही’ असे सांगून मोकळा होतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दिवसभर दाखले, सातबारा, आधार यांच्या स्कॅन केलेल्या फाइलींना नावे देणे, त्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणे हेच काम असते. नव्या विंडोजमध्ये उजवी कळ दाबली की ‘कट’, ‘कॉपी’, ‘रिनेम’ हे शब्द दिसत नाहीत, नुसती चित्रे दिसतात, आणि नेहमीच्या कामाचे बरेचसे पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबल्याशिवाय येत नाहीत. एका फाइलमागे एक टिचकी वाढली, तर शंभर फाइलींमागे शंभर वाढतात. जुना मेनू कायमचा परत आणता येईल का? (बीड जिल्हा)

उत्तर : तुमचा हिशेब बिनतोड आहे, आणि या नव्या मांडणीची खरी झळ तुमच्यासारख्यांनाच बसते. घरी महिन्यातून दोनदा फाइल हलवणाऱ्याला तो मेनू सुटसुटीत वाटेल. ज्याचे पोट त्याच मेनूवर आहे, त्याला मात्र वाढलेली प्रत्येक टिचकी मोजावी लागते.

मेनू का बदलला याला कारण आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. जुन्या रचनेत कोणताही प्रोग्रॅम संगणकावर बसवला की तो उजव्या कळीच्या मेनूत आपली एखादी ओळ घुसवू शकत असे. विषाणूरोधक, फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम, प्रत्येकाची पाटी तिथे लागलेली असे. पाच-सहा वर्षे वापरलेल्या संगणकावर हा मेनू पडद्याच्या वरपासून खालपर्यंत लांबलेला आणि उघडायला रेंगाळणारा दिसे. कंपनीने नवा, आखूड मेनू केला, नेहमीच्या आज्ञा बाणाजवळच्या एका ओळीत बसवल्या आणि नव्या पद्धतीने न लिहिलेल्या साऱ्या ओळी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे ढकलल्या. घर आवरले खरे, पण रोज लागणारी भांडी माळ्यावर गेली.

त्यातही नुसती चित्रे ठेवणे ही चूकच होती. कात्रीचे चित्र ओळखू येते, पण ‘रिनेम’चे चित्र पाहून कुणाला नाव बदलण्याची आठवण होईल असे मला वाटत नाही. त्या ओळीला आणखी एक खोड आहे : बाण पडद्याच्या खालच्या बाजूला असेल तर ती मेनूच्या तळाशी उघडते आणि वरच्या बाजूला असेल तर माथ्यावर, म्हणून हाताला तिचीही एक जागा ठरत नाही. पुढे २४एच२ या आवृत्तीत चित्रांखाली शब्द आले. तुमच्या संगणकावर ते अजून दिसत नसतील तर विंडोज अपडेट थकलेले आहे असे समजा आणि रात्री केंद्र बंद करताना ते लावून ठेवा.

जुना मेनू हवा तेव्हा शिफ्टची कळ दाबून धरून उजवी टिचकी मारा, म्हणजे तो थेट उघडेल. आधी फाइल निवडून मग शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले तरी तेच होते. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एक नोंद घालून जुना मेनू कायमचा आणता येतो हे खरे आहे. मात्र ती नोंद इथे छापत नाही, कारण रजिस्ट्रीत एखादे अक्षर चुकले तर होणारा घोळ निस्तरायला मी तुमच्या गावी येऊ शकणार नाही. शिवाय मोठ्या अद्यतनानंतर अशा क्लृप्त्या टिकतीलच असा भरवसा देता येत नाही.

त्यापेक्षा तुमच्या कामासाठी मेनूचा नाद सोडणेच फायद्याचे आहे. फाइलीवर एकदा टिचकी मारून एफ२ दाबा आणि नाव टंका. पुढच्या फाइलीचे नाव बदलण्यासाठी एंटर न करता टॅब दाबा. संगणक स्वतःच पुढच्या फाइलीवर जाऊन तिचे नाव बदलायला मोकळे करतो. उचलायला कंट्रोल-एक्स, नक्कल करायला कंट्रोल-सी, ठेवायला कंट्रोल-व्ही. या कळा विंडोज ९५मध्ये होत्या तशाच विंडोज ११मध्ये आहेत. गेल्या तीस वर्षांत दर्शनी भागाची मोडतोड कितीदा झाली त्याला गणती नाही, पण या कळांना कुणी हात लावलेला नाही. हाताखाली मुले कामाला असतील तर त्यांना मेनू शिकवण्याआधी या कळा शिकवा.

प्रश्न : मी एका साप्ताहिकासाठी मुद्रितशोधन करते. नव्या विंडोजमध्ये माझ्या जुन्या मराठी फाइली उघडल्या की अक्षरांचे वळण वेगळे दिसते, ओळी भलतीकडे तुटतात आणि सोळा पानांचा मजकूर साडेसोळा पानांवर जातो. नव्या मांडणीत मराठीची ही आबाळ का? (सांगली)

उत्तर : ताई, या वेळी दोष नव्या मांडणीचा नाही. तुमच्या फाइली ‘मंगल’ या टंकात (फाँटमध्ये) असाव्यात. विंडोज ८.१पर्यंत मंगल प्रत्येक संगणकावर असे; विंडोज १० आले तेव्हा, २०१५ सालीच, तो मुख्य साठ्यातून काढून ऐच्छिक टंकांमध्ये टाकण्यात आला. जुन्या संगणकावर तो पूर्वीपासून असल्यामुळे तुम्हाला हा बदल जाणवला नसेल. नवा संगणक आला आणि तुम्ही त्यावर मराठी भाषा रीतसर बसवली नसेल, तर मंगल तिथे नाही, आणि त्याच्या जागी ‘निर्मला यूआय’ हा टंक उभा राहतो. दोन्हींच्या अक्षरांची रुंदी आणि ओळींमधले अंतर वेगळे असल्यामुळे ओळी दुसरीकडे तुटतात.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडून मराठी भाषा जोडा. इंटरनेट चालू असेल तर तिच्यासोबत देवनागरीचे पूरक टंकही उतरतात, आणि त्यात मंगलबरोबर अपराजिता, कोकिळा आणि उत्साह हेही असतात. नाही उतरले, तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘ऑप्शनल फीचर्स’ असे टंकून ते पान उघडा आणि ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ निवडून बसवा. त्यानंतर फाइल उघडा. पाने पुन्हा सोळा भरावीत.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मंगलचे दिग्दर्शन मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे. आपल्याच माणसाच्या हातचे वळण आता संगणकात मागून घ्यावे लागते, याची थोडी रुखरुख वाटते. पण ते फुकट मिळते, तेव्हा तक्रार फार ताणत नाही.

मराठी जोडलीच आहे, तर तिच्या ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये ‘मराठी फोनेटिक’ हा कळफलकही जोडून पाहा. इंग्रजी स्पेलिंगसारखे टंकून देवनागरी उमटवणारी ही सोय २०१९पासून विंडोजमध्येच आहे, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. तुमचा हात इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर, बसलेला असेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. इन्स्क्रिप्टचा वेग फोनेटिकला येत नाही.

प्रश्न : माझा पडदा रुंद आहे, म्हणून मी खालची पट्टी कायम डाव्या काठाला उभी ठेवत असे. विंडोज ११मध्ये ती ओढली तरी हलत नाही. (फोंडा, गोवा)

उत्तर : विंडोज ११ जेव्हा ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आले, तेव्हा ही सोय काढूनच टाकलेली होती. तुमच्या संगणकावर ‘टास्कबार बिहेविअर्स’मध्ये पट्टीची जागा बदलण्याचा पर्याय दिसत नसेल तर ओढाताण करून उपयोग नाही.

मागची कथा अशी आहे की, कंपनीने दोन पडद्यांच्या उपकरणांसाठी विंडोज १०एक्स नावाची वेगळी प्रणाली करायला घेतली होती. ती २०२१मध्ये गुंडाळली गेली, पण तिच्यातली मधोमध चिन्हांची मांडणी विंडोज ११ने उचलली. पट्टी नव्याने लिहिली गेली आणि जुन्या पट्टीतल्या अनेक सोयी नव्या पट्टीत लिहायच्याच राहिल्या. फाइल ओढून पट्टीवरच्या चिन्हावर नेणे २०२२मध्ये परत आले. पट्टीवर उजवी कळ दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम दाखवणारा फलक) उघडणे २०२२च्या अखेरीस आले. प्रत्येक खिडकी तिच्या नावासह पट्टीवर सुटी दाखवण्याची सोय यायला २०२३चा शेवट उजाडला, आणि ती विंडोज ९५पासून होती! जे चालू होते ते काढायचे आणि दोन वर्षांनी सुधारणा म्हणून परत द्यायचे, या पद्धतीला मी तरी सुधारणा म्हणणार नाही. तूर्त पट्टी आपोआप लपेल असे त्याच पानावर ठरवून द्या, म्हणजे निदान उंचीची जागा वाचेल.

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या संगणकांपैकी एकावर विंडोज ११ घातले, बाकीच्यांवर ते बसतच नाही. ज्येष्ठ सभासदांना नवे रूप आवडलेले नाही. सरळ विंडोज १०वर परत जावे का? (रत्नागिरी)

उत्तर : ज्या संगणकावर १०वरून ११ घातले, तिथे परतीचे दार दहा दिवस उघडे असते. सेटिंग्ज, सिस्टिम आणि रिकव्हरी या क्रमाने गेलात तर ‘गो बॅक’ दिसेल. दहा दिवस उलटले की ते दार बंद होते आणि सगळे पुसून नव्याने घालणे एवढेच हातात उरते.

बाकीच्या संगणकांवर ते बसत नाही, याचे कारण बहुधा टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा प्रोसेसरची पिढी असेल. इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर चालत नाहीत. त्यांवर विंडोज १० चालू ठेवता येते, आणि घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा-योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. संस्थांसाठीचे नियम आणि दर वेगळे आहेत, तेव्हा वाचनालयाच्या नावाने नोंद करताना ते आधी पाहा. सुरक्षा-अद्यतनाशिवाय मात्र ते संगणक इंटरनेटला जोडून सभासदांच्या हाती देऊ नका. कुणी त्यावर बँकेचे खाते उघडले तर जबाबदारी वाचनालयावर येईल.

तुमच्या सभासदांचे काम वर्तमानपत्रे वाचणे, ई-मेल पाहणे आणि क्वचित एखादे पत्र टंकणे एवढेच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी घालता येणारी दुसरी प्रणाली) विचारात घ्या. ते विनामूल्य आहे आणि जुन्या यंत्रांवर बरे चालते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, संगणकातल्या कशालाही हात न लावता. जुनी मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअरे त्यावर सरळ चालणार नाहीत, युनिकोड मराठी चालेल. योगायोग असा की, मिंटचा दर्शनी भाग अशाच एका भांडणातून आला आहे. ग्नोम ही लिनक्सवरची लोकप्रिय मांडणी २०११च्या एप्रिलमध्ये मुळापासून बदलण्यात आली, मेनू आणि पट्टी गेली, आणि वापरणारे चिडले. मिंटच्या मंडळींनी मग सिनॅमन नावाची स्वतःची मांडणी उभी केली, तिच्यात पट्टी खाली ठेवली आणि मेनूचे बटण डाव्या कोपऱ्यात. तुमच्या ज्येष्ठ सभासदांचा हात नेमका तिथेच जाईल.